पन्नास मेगाहर्ट्झची लहर आणि जालन्याचे आकाश : हौशी रेडिओच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात सातवाहन व यादव काळ, निजामी राजवट आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने दळणवळणाच्या व संदेशवहनाच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेलेले दिसते. वास्तविक पाहता संदेश किती वेगाने व कोणाच्या परवानगीने जातो, यावर सत्तेचे स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून असते. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा व इंग्रज यांच्यात निर्णायक लढाई झाली. तिची वार्ता इंग्लंडात पोहोचण्यास काही महिने लागले. त्याच भूमीवरून आज एखाद्या हौशी प्रेषकाने सोडलेली रेडिओ लहर मॉरिशस बेटापर्यंतचे सुमारे ४,९०० कि.मी. अंतर एका सेकंदाच्या साठाव्या भागात कापू शकते. मात्र त्या लहरीला निसर्गाची अनुकूलता व शासनाची अनुज्ञा या दोन्ही गोष्टी लागतात. प्रस्तुत निबंधाचा विषय या दोहोंतील संबंध हा आहे.

हौशी रेडिओ, ज्यास बोलीत 'हॅम रेडिओ' असे म्हणतात, म्हणजे कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता स्वयंशिक्षण, परस्परसंवाद व तांत्रिक संशोधन यांसाठी परवानाधारक व्यक्तींनी चालविलेली बिनतारी सेवा होय. या सेवेस निरनिराळ्या तरंगलांबीचे पट्टे नेमून दिलेले असतात. त्यांपैकी ५० ते ५४ मेगाहर्ट्झ हा पट्टा 'सहा मीटर' या नावाने ओळखला जातो. प्रकाशाच्या वेगास ५० मेगाहर्ट्झने भागले असता तरंगलांबी सहा मीटर येते, म्हणून हे नाव. जगभरातील हौशी मंडळी या पट्ट्यास जादूचा पट्टा मानतात. कारण तो बहुतेक दिवस मुका असतो आणि एखाद्या सायंकाळी अकस्मात हजारो किलोमीटरवरचा आवाज ऐकवतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सहा मीटर पट्ट्यावरील दूरसंपर्काचा जागतिक इतिहास थोडक्यात मांडणे.
२) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, हौशी रेडिओच्या वाटचालीचा राजकीय व कायदेशीर संदर्भ तपासणे.
३) जालना जिल्ह्याचे भौगोलिक स्थान या अभ्यासाच्या दृष्टीने का महत्त्वाचे आहे, हे स्पष्ट करणे.
४) हौशी रेडिओची नोंदवही हे इतिहासाचे साधन म्हणून विचारात घेणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. बिनतारी कायदे व नियम, आंतरराष्ट्रीय वारंवारता वाटपाच्या तरतुदी आणि आयनांबराविषयीचे प्रकाशित शास्त्रीय ज्ञान यांचा आधार घेतला आहे. शास्त्रीय भाग इतिहासाच्या आकलनासाठी आवश्यक तेवढाच दिला आहे.

१. टाकाऊ लहरींचा इतिहास :

हौशी रेडिओचा इतिहास हा पुष्कळ अंशी इतरांनी टाकून दिलेल्या लहरींचा इतिहास आहे. अमेरिकेच्या १९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी प्रेषकांना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच्या लहरी देऊन टाकल्या. लांब पल्ल्यासाठी लांब लहरीच लागतात, अशी तत्कालीन समजूत होती. त्यामुळे या लहरी निरुपयोगी ठरविण्यात आल्या होत्या. परंतु २७ नोव्हेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील फ्रेड श्नेल व फ्रान्समधील लिऑन डेलॉय या हौशींनी सुमारे १०० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले आणि लघुलहरींचे सामर्थ्य जगापुढे आले. त्यानंतर शासने व व्यापारी कंपन्या त्याच लहरींकडे वळल्या. ज्यांनी वाट शोधली त्यांना पुढच्या वाटेकडे सरकावे लागले, असा हा क्रम आहे.

सहा मीटरच्या बाबतीतही हेच घडले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाच मीटरच्या आसपास हौशींचे प्रयोग चालत असत. युद्धोत्तर फेरवाटपात ५० ते ५४ मेगाहर्ट्झ हा पट्टा अमेरिकेतील हौशींना मिळाला. २४ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकेतील एड टिल्टन व इंग्लंडमधील डेनिस हाइटमन यांच्यात या पट्ट्यावर अटलांटिकपार संपर्क झाला. त्यापुढील वर्षी, १९४७ मध्ये, मेक्सिको व अर्जेंटिना येथील हौशींना एक विलक्षण गोष्ट आढळली. विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस असलेली केंद्रे सायंकाळी एकमेकांना स्पष्ट ऐकू येत होती, आणि तत्कालीन शास्त्रीय अंदाजांनुसार तसे व्हावयास नको होते. विषुववृत्तपार प्रसारण म्हणून पुढे मान्यता पावलेल्या या घटनेचा शोध हौशींच्या निरीक्षणातून लागला, ही बाब विज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय मानावी लागते.

१९५७-५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौरडागांचे चक्र नोंदविल्या गेलेल्या सर्व चक्रांत सर्वोच्च बिंदूस पोहोचले होते. त्या काळात अमेरिकेतील हौशी संघटनेने ५० मेगाहर्ट्झवरील संपर्कांच्या नोंदी पद्धतशीरपणे गोळा करून शास्त्रज्ञांच्या हाती दिल्या. अलीकडच्या काळात नोबेल पारितोषिक विजेते खगोलशास्त्रज्ञ व स्वतः हौशी प्रेषक असलेले जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्या सहकार्याने २०१७ मध्ये एफटी-८ ही अंकीय पद्धत उपलब्ध करून दिली. कानाला ऐकूही न येणारे क्षीण संकेत संगणकाच्या साहाय्याने ओळखणे तीमुळे शक्य झाले आणि सहा मीटरवरील दूरसंपर्कांना नवे परिमाण लाभले.

२. लहर दूर कशी जाते :

वातावरणाच्या वरच्या थरांत सूर्यकिरणांमुळे आयनीभवन होते. या भागास आयनांबर म्हणतात. लघुलहरी तेथून परावर्तित होऊन जमिनीवर येतात. ५० मेगाहर्ट्झची लहर सामान्यतः आयनांबर भेदून अवकाशात निघून जाते. तथापि तीन परिस्थितींत ती परत फिरते. पहिली म्हणजे सुमारे १०० ते ११० कि.मी. उंचीवर अवचित तयार होणारे दाट आयनीभवनाचे ढग. त्यांच्या योगे एका उडीत सुमारे २,००० कि.मी. पर्यंतचा संपर्क घडतो. दुसरी म्हणजे सौरडागांच्या उच्चांकाच्या वर्षांत आयनांबराच्या सर्वात वरच्या थराला येणारी घनता. हे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते व त्याचा अलीकडचा उच्चांक २०२४ मध्ये येऊन गेला. तिसरी परिस्थिती वर उल्लेखिलेल्या विषुववृत्तपार प्रसारणाची होय.

या तिसऱ्या प्रकारात चुंबकीय विषुववृत्ताचे महत्त्व असते. भारतीय द्वीपकल्पात हे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून जाते. याच कारणास्तव थुंबा येथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र उभारण्यात आले व तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सोडण्यात आला. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावरील आयनीभूत वायू विद्युत क्षेत्रामुळे वर उचलला जातो आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणे दोन्ही बाजूंस खाली उतरतो. परिणामी चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस साधारण १५ ते २० अंशांवर दाट आयनीभवनाची दोन शिखरे निर्माण होतात. भारतात यातील उत्तरेकडील शिखर अहमदाबाद-भोपाळच्या परिसरावर येते. एका शिखरातून दुसऱ्या शिखराकडे, मध्ये जमिनीस न टेकता, सहा मीटरची लहर सरकत जाते.

जालना शहर सुमारे १९ अंश ५० कला उत्तर अक्षांश व ७५ अंश ५३ कला पूर्व रेखांश येथे वसले आहे. म्हणजे चुंबकीय विषुववृत्त व उत्तरेकडील शिखर या दोहोंच्या मध्ये, शिखराच्या काहीसे दक्षिणेस त्याचे स्थान आहे. मध्य आशियातून मॉरिशस व रियुनियन या बेटांकडे जाणाऱ्या लहरीचा मार्ग पश्चिम भारत व अरबी समुद्र यांच्या आकाशातून जातो. जालन्यासारख्या ठिकाणच्या केंद्रास या प्रसारणपट्ट्याच्या काठावरचे स्थान लाभते. अशा काठावरून कोणत्या सायंकाळी लहर पोहोचते व कोणत्या सायंकाळी पोहोचत नाही, याच्या सातत्यपूर्ण नोंदी आयनांबराच्या अभ्यासास उपयुक्त ठरतात. मराठी भाषिकांच्या दृष्टीने या मार्गाचे आणखी एक अगत्य आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आपली ओळख टिकवून आहेत.

३. महाराष्ट्रातील हौशी रेडिओ आणि राजसत्ता :

भारतात हौशी रेडिओचा प्रारंभ १९२१ मध्ये कलकत्ता येथे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्या परवान्याने झाला, असे मानले जाते. मुंबईत हौशी मंडळांच्या प्रयत्नांतून ध्वनिक्षेपणाची आवड रुजली आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. याच सुमारास शास्त्रीय संशोधनही आकार घेत होते; कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० मध्ये आयनांबराच्या थराची उंची प्रयोगाने मोजली. मात्र १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी प्रेषक यंत्रच नव्हे, तर ग्राहक यंत्र जवळ बाळगणेही परवान्याच्या कक्षेत आणले. ऐकणे ही कृतीसुद्धा सत्तेच्या अनुज्ञेने होऊ लागली.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द करण्यात आले व यंत्रसामग्री जमा करण्याचे आदेश निघाले. तरीही ज्ञान जमा करून घेता येत नाही, याचा प्रत्यय १९४२ मध्ये आला. 'छोडो भारत' आंदोलनात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचे प्रेषक यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचा हात होता. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. गणित केल्यास ही वारंवारता सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजच्या हौशींच्या चाळीस मीटर पट्ट्यात ती बसते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून केंद्र बंद पाडले आणि उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. हौशी रेडिओकडे शासन नेहमीच साशंक नजरेने का पाहत आले, याचे एक उत्तर या घटनेत सापडते. स्वतंत्र भारतातही तेच वसाहतकालीन कायदे दीर्घकाळ चालू राहिले व त्यांच्या जागी नवी चौकट आणण्याची तरतूद २०२३ च्या दूरसंचार कायद्याने केली.

आजचा जालना जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात महबूब अली यांनी खासगीरीत्या सुरू केलेले हैदराबाद येथील केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये आपल्या ताब्यात घेतले. पुढे औरंगाबाद येथेही संस्थानी ध्वनिक्षेपण केंद्र निघाले. ही दोन्ही केंद्रे १९५० मध्ये आकाशवाणीकडे आली. खासगी हौसेतून निघालेले केंद्र अल्पावधीत राज्ययंत्रणेचा भाग बनते, हा अनुभव ब्रिटिश हिंदुस्थानाप्रमाणेच संस्थानातही आला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

४. सहा मीटर, दूरचित्रवाणी आणि भारत :

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग केले आहेत; भारत तिसऱ्या विभागात येतो. या विभागात ५० ते ५४ मेगाहर्ट्झ हा पट्टा सर्वसाधारणपणे हौशी सेवेस दिलेला आहे. जपान व ऑस्ट्रेलियातील हौशींनी त्याचा मुबलक उपयोग केला. परंतु आंतरराष्ट्रीय नियमावलीतील एका तळटीपेनुसार भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इराण व सिंगापूर आदी देशांनी हा पट्टा स्थिर, चल व प्रक्षेपण सेवांसाठी राखून ठेवला. भारतातील हौशी सेवेचे १९७८ चे नियम दीर्घकाळ अंमलात होते. त्यांतील पट्ट्यांच्या यादीत २८ ते २९.७ मेगाहर्ट्झनंतर एकदम १४४ मेगाहर्ट्झ येत असे. मधली जागा रिकामी होती.

यामागील एक प्रमुख संदर्भ दूरचित्रवाणीचा होता. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत पहिल्या दूरचित्रवाणी पट्ट्यातील दुसरी वाहिनी ४७ ते ५४ मेगाहर्ट्झ व्यापत असे. मुंबई केंद्र चौथ्या वाहिनीवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झवर, प्रक्षेपण करीत असे. शेजारच्या वारंवारतेवर हौशींनी प्रेषण केल्यास घरोघरच्या चित्रात व्यत्यय येण्याची भीती अनाठायी नव्हती. इंग्लंडमध्येही नेमकी हीच अडचण होती. तेथे १९८३ मध्ये मोजक्या हौशींना, तेही दूरचित्रवाणीच्या वेळा टाळून, सहा मीटरची परवानगी देण्यात आली. जुनी ४०५ रेषांची प्रक्षेपण पद्धत जानेवारी १९८५ मध्ये बंद झाल्यावर १९८६ पासून हा पट्टा अधिक खुला झाला.

भारतातील जमिनीवरील अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपकांपैकी मोजके सामरिक महत्त्वाचे प्रक्षेपक वगळता बाकीचे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. म्हणजे हा पट्टा राखून ठेवण्याचे एक मोठे ऐतिहासिक कारण इंग्लंडच्या मागून सुमारे साडेतीन दशकांनी आपल्याकडेही संपुष्टात आले. दरम्यान १९५७-५८, १९७९-८०, १९८९ व २००० या आसपासचे सौर उच्चांक येऊन गेले. जगाच्या इतर भागांतील हौशींनी त्या त्या वेळी सहा मीटरवर हजारो नोंदी केल्या. भारतीय अक्षांशावरील नोंदींचे पान मात्र जवळजवळ कोरे राहिले. सौरचक्र कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे ही हानी भरून काढता येण्याजोगी नाही. वारंवारता वाटपाचा राष्ट्रीय आराखडा वेळोवेळी सुधारला जातो. म्हणून प्रेषण करू इच्छिणाऱ्याने आपल्या परवान्यातील चालू तरतूद पाहूनच पाऊल उचलावे.

५. जालना जिल्हा : ऐकणारे केंद्र आणि संकटकालीन गरज :

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचा काही भाग मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. बियाणे व पोलाद उद्योगासाठी परिचित असलेल्या या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे, जी स्थानिकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेचे आंतरराष्ट्रीय उपग्रह अनुश्रवण भूकेंद्र जालना येथे आहे. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी नेमून दिलेल्या वारंवारतेवर आहेत की नाहीत, कोणाचा कोणास व्यत्यय होतो आहे, याची पाहणी हे त्याचे कार्य. म्हणजे आकाशातील वाटपाची राखण करणारा शासनाचा कान या जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात त्याच आकाशाचे निरीक्षण करणारा नागरिकांचा कान तयार व्हावा, ही अपेक्षा अस्थानी ठरू नये. हौशींचा व उपग्रहांचा संबंधही दूरचा नाही. १९५७ मध्ये स्पुतनिकचे संकेत जगभरच्या हौशींनी टिपले होते आणि ५ मे २००५ रोजी भारताने हौशींसाठीच 'हॅमसॅट' हा सुमारे ४२.५ किलो वजनाचा उपग्रह सोडला. तो २०१४ पर्यंत कार्यरत होता.

संकटकाळात या सेवेची उपयुक्तता मराठवाड्याने अनुभवली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सरळ रेषेत जालन्यापासून सुमारे दोनशे कि.मी. अंतरावरील त्या गावांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दूरध्वनी यंत्रणा कोलमडलेली असताना हौशी रेडिओ चालकांनी तेथून संदेश पोहोचविण्याचे काम केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळीही अंदमानात आधीपासून उपस्थित असलेल्या हौशींच्या पथकाने मुख्य भूमीशी संपर्क राखला. सहा मीटरचा पट्टा अशा प्रसंगी भरवशाचा नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तेथे चाळीस व दोन मीटरचे पट्टेच कामास येतात. परंतु लहरींच्या लहरीपणाशी परिचय असलेला, अँटेना स्वतः बांधणारा चालक ज्या सरावातून घडतो, तो सराव सहा मीटरसारखे अवघड पट्टे देतात. या पट्ट्यासाठी लागणारा साधा अर्धतरंग अँटेना जेमतेम पावणेतीन ते तीन मीटर लांबीचा असतो व तो महाविद्यालयाच्या गच्चीवर सहज उभारता येतो.

६. नोंदवही : इतिहासाचे एक साधन :

प्रत्येक संपर्काची तारीख, जागतिक वेळ, वारंवारता, समोरच्याचे संकेतनाम व संकेताची प्रत हौशी चालक नोंदवहीत लिहितो. नियमाने तसे करणे बंधनकारकही असते. संपर्काची पोच म्हणून टपालाने कार्डे पाठविण्याची प्रथा आहे. इतिहासाच्या अभ्यासकास अशी साधने क्वचितच मिळतात. दोन परस्परांना अनोळखी व्यक्तींनी, दोन देशांत, एकाच क्षणाची स्वतंत्रपणे केलेली नोंद पडताळून पाहता येते. त्यामुळे तिची विश्वसनीयता बखर वा आठवणींपेक्षा अधिक ठरते. परंतु नियमानुसार नोंदवही ठरावीक मुदतीपुरतीच जपावी लागते. चालकाच्या निधनानंतर घरच्यांच्या लेखी ती रद्दी असते. मोडी कागदपत्रांच्या बाबतीत मराठवाड्याने हे नुकसान एकदा सोसले आहे. विसाव्या शतकाच्या तांत्रिक साधनांबाबत त्याची पुनरावृत्ती टाळणे आपल्या हाती आहे.

निष्कर्ष :

१) सहा मीटर पट्ट्यावरील महत्त्वाचे शोध हौशींच्या निरीक्षणांतून पुढे आले व नंतर त्यांना शास्त्रीय मान्यता मिळाली.
२) भारतात हौशी रेडिओची वाढ शास्त्रीय कुतूहलापेक्षा सुरक्षेच्या व नियंत्रणाच्या विचाराने अधिक नियमित झाली, १९३९ व १९४२ च्या घटना याची साक्ष देतात.
३) सहा मीटर पट्टा भारतात दीर्घकाळ हौशींच्या यादीबाहेर राहिला. दूरचित्रवाणीच्या संरक्षणाची गरज त्यामागे होती. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आवरल्यावर ती गरज उरली नाही.
४) जालना जिल्ह्याचे स्थान चुंबकीय विषुववृत्त व आयनीभवनाचे उत्तर शिखर यांच्या मध्ये असल्याने येथील नोंदींना शास्त्रीय मूल्य आहे.
५) जुन्या नोंदवह्या व पोचकार्डे जिल्हा ग्रंथालये व महाविद्यालये यांनी संकलित करणे निकडीचे आहे.

समारोप :

असईच्या रणभूमीपासून उपग्रह अनुश्रवण केंद्रापर्यंतचा जालन्याचा प्रवास हा संदेशाच्या वेगाचा प्रवास आहे, तसाच तो संदेशावरील अधिकाराचाही आहे. आकाशातील लहरी ही राष्ट्रीय संपत्ती आहे आणि तिचे वाटप शासनाने करावे, हे सर्वमान्य आहे. तथापि संपत्तीचा एक लहानसा वाटा निरपेक्ष जिज्ञासेसाठी राखून ठेवणारी राष्ट्रे ज्ञानाच्या क्षेत्रात पुढे गेली, असे वरील विवेचनावरून दिसून येते. सध्याचा सौर उच्चांक उतरणीस लागला आहे. पुढील उच्चांक यावयास सुमारे दशकभराचा अवधी आहे. तोपर्यंत ग्रामीण महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व इतिहास या दोन्ही विभागांनी एकत्र येऊन परीक्षा देणारे, परवाना घेणारे व नोंदी जपणारे विद्यार्थी घडविले, तर पुढच्या वेळी भारतीय अक्षांशावरील ते पान कोरे राहणार नाही.